घरीं फिल्म धुण्याची विद्या

काळ्या-पांढऱ्या फिल्मवर उमटलेलें चित्र डोळ्यांस दिसूं लागावें म्हणून ती फिल्म ज्या द्रावणांत घालतात त्यास डेव्हलपर म्हणतात. फोटोवाल्यांच्या बोलींत या कामास ‘फिल्म धुणें’ असेंच नांव आहे. तें द्रावण घरीं किंवा शाळेच्या प्रयोगशाळेंत तयार करितां येतें, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस नवी वाटेल. नववीच्या विद्यार्थ्यांनीं दोघा-दोघांच्या जोडीनें वर्षांतून एक तरी फिल्म स्वतः काढावी आणि स्वतः मिसळलेल्या द्रावणांत धुवावी, अशी आमची सूचना आहे. ती ऐकून कित्येक पालकांनीं तीन आक्षेप घेतले. हें काम आतां निरुपयोगी आहे, हा पहिला. खर्चाचें आहे, हा दुसरा. आणि धोक्याचें आहे, हा तिसरा. तिन्ही आक्षेप विचार करण्याजोगे आहेत. त्यांस उत्तर देण्यापूर्वीं हें काम काय आहे, तें थोडक्यांत सांगणें इष्ट होय.

फिल्मवर सरसाच्या जातीचा, जिलेटिनाचा, पातळ थर असतो व त्यांत रौप्य-ब्रोमाइडाचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. कॅमेऱ्यांतून क्षणभर उजेड पडला म्हणजे ज्या कणांवर तो पडला त्यांत रुप्याचे थोडेसे अणू मोकळे होतात. एवढ्यानें डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं. चित्र आहे, परंतु तें गुप्त आहे. डेव्हलपराचें काम असें कीं, उजेड लागलेल्या कणांस निवडून त्यांचें शुद्ध रुपें करावयाचें व न लागलेल्यांस शक्य तों हात लावावयाचा नाहीं. हें रुपें काळें दिसतें आणि त्याच काळेपणाचें चित्र बनतें. पुढें हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट याच्या द्रावणांत उरलेलें ब्रोमाइड विरघळून जातें आणि चित्र कायम होतें. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८१९ मध्येंच ओळखला होता. छायाचित्रणास त्याचा उपयोग वीस वर्षांनीं झाला.

हें सर्व परक्या देशांतील मोठ्या कारखान्यांचें काम, अशी समजूत आहे. परंतु महाराष्ट्राचा अनुभव तसा नाहीं. धुंडिराज गोविंद फाळके यांनीं बडोद्याच्या कलाभवनांत छायाचित्रणाचें शिक्षण घेतलें होतें, आणि आमच्या शेजारच्या मावळांत, लोणावळ्यास, कांहीं काळ ठसे करण्याचा व छपाईचा कारखाना चालविला होता. मुंबईंत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहून त्यांच्या मनानें ध्यास घेतला, आणि १९१२ मध्यें त्यांनीं विलायतेहून कॅमेरा व फिल्मला भोंकें पाडण्याचें यंत्र आणविलें. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. त्याची लांबी सुमारें ३,७०० फूट होती. ती फिल्म धुण्यास त्यांच्याजवळ कोणती प्रयोगशाळा होती? दादरचें राहतें घर, हीच ती प्रयोगशाळा. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीं फिल्मला भोंकें पाडणें, रसायनें मिसळणें व फिल्म धुणें हीं कामें शिकून घेतलीं आणि मंडळींच्या स्वयंपाकाचा भार सांभाळून तीं केलीं. हिंदुस्थानांतील पहिल्या कथाचित्रपटाचें रुपें एका मराठी गृहिणीच्या हातून काळें झालें, हें आमच्या विद्यार्थिनींनीं विशेष ध्यानांत ठेवावें.

पुढें कोल्हापुरांत बाबूराव पेंटर यांनीं स्वतः कॅमेरा बनविला आणि १९२० मध्यें ‘सैरंध्री’ काढला. त्यांच्या हाताखालीं तयार झालेल्या मंडळींनीं १९२९ मध्यें प्रभात कंपनी स्थापिली व ती १९३३ मध्यें पुण्यास आणिली. त्याच जागेंत १९६० पासून भारतीय फिल्म आणि टेलिव्हिजन संस्था चालत आहे. मुळशीहून पुण्यास जाणाऱ्या माणसाला ती कांहीं दूर नाहीं. ही विद्या आमच्या अंगणापर्यंत आलेली आहे. आम्ही तिला घरांत घेतली नाहीं, एवढेंच.

अंगणाचीच गोष्ट निघाली म्हणून आणखी एक सांगतों. मुळशी-मावळापासून आंबेगांव-जुन्नरापर्यंत सह्याद्रीच्या रानांत हिरड्याचें झाड आहे. हिरडा आणि हिराकस एकत्र केले असतां काळी शाई होते, हें जुन्या लोकांस ठाऊक होतें. हिरड्यांत जें तुरट द्रव्य आहे त्यांत गॅलिक आम्ल असतें. इंग्लंडांत टॅल्बट यानें १८४१ मध्यें आपल्या कागदावरील गुप्त चित्रास दृश्य करण्यासाठीं हेंच गॅलिक आम्ल वापरलें. आणि तें तापवून मिळणाऱ्या पायरोगॅलॉलानें पुढील कित्येक वर्षें जगांतील फोटो धुतले गेले. याचा अर्थ मुलांनीं हिरडे उकळून पायरोगॅलॉल काढावें असा मुळींच नाहीं. तें विषारी आहे. अर्थ इतकाच कीं, ज्या द्रव्यांचें नांव ऐकून आम्ही बिचकतों त्यांचें मूळ कधीं कधीं आमच्याच रानांत असतें.

आतां द्रावणाची कृति पाहूं. कोडॅक कंपनीनें १९२७ मध्यें डी-७६ या नांवाचें एक सूत्र चलच्चित्रांच्या फिल्मकरितां प्रसिद्ध केलें. तें तेव्हांपासून सर्वांस खुलें आहे व आजही जगभर वापरांत आहे. एक लिटर द्रावणास मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टाकणखार म्हणजे बोरॅक्स २ ग्रॅम, एवढेंच सामान लागतें. या चौघांचीं कामें वांटलेलीं आहेत. मेटॉल आणि हायड्रोक्विनोन हे चित्र उमटविणारे. त्यांत मेटॉल बारीक छटा काढतें आणि हायड्रोक्विनोन त्यास साह्य करितें. सल्फाइट हा रक्षक. तो हवेंतील प्राणवायूपासून त्या दोघांस वांचवितो. टाकणखार द्रावणास किंचित् क्षार-गुण देतो, त्यावांचून हें काम चालत नाहीं.

मिसळण्यासही क्रम आहे. सुमारें ७५० मिलिलिटर पाणी ५० अंश सेंटिग्रेडपर्यंत कोमट करावें. त्यांत सल्फाइटाची एक चिमूट टाकून मग मेटॉल घालावें व तें पूर्ण विरघळूं द्यावें. कारण सल्फाइटाच्या दाट द्रावणांत मेटॉल सहसा विरघळत नाहीं. नंतर राहिलेलें सल्फाइट, मग हायड्रोक्विनोन, शेवटीं टाकणखार. आणि थंड पाणी घालून लिटर पुरा करावा. ज्यानें हा क्रम एकदां स्वतःच्या हातानें पाळला त्यास ‘आधीं काय, मग काय’ हा प्रश्न केवळ घोकण्याचा नाहीं, हें वेगळें सांगावें लागत नाहीं.

धाकट्या विद्यार्थ्यांकरितां याहून सौम्य कृति आहे. अमेरिकेंत रॉचेस्टर येथील एका तंत्रशिक्षणसंस्थेंत स्कॉट विल्यम्स या अध्यापकांनीं व त्यांच्या विद्यार्थ्यांनीं १९९५ मध्यें असें दाखविलें कीं, कॉफीच्या पुडींतील कॅफेइक आम्ल आणि धुण्याचा सोडा यांनीं फिल्म धुतां येते. पुढें इतरांनीं त्यांत ‘क’ जीवनसत्त्वाची भर घातली. आज रूढ असलेलें एक प्रमाण असें: एक लिटर पाण्यांत निर्जल धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, ‘क’ जीवनसत्त्वाची शुद्ध पूड १६ ग्रॅम आणि झटपट विरघळणारी कॉफी ४० ग्रॅम. याच क्रमानें एकेक विरघळवून, वीस अंशांवर पंधरा मिनिटें फिल्म धुवावी. पहिलें मिनिट टाकी सतत हालवावी, मग दर मिनिटास तीन वेळां उलटीसुलटी करावी. द्रावणाचा वास मात्र कॉफीसारखा सुखद नसतो. चिकोरी मिसळलेली कॉफी घेऊं नये, नाहींतर ४० ग्रॅमांत कॉफी किती, हेंच कळणार नाहीं. हें द्रावण टिकत नाहीं. त्याच वेळीं करावें व वापरून टाकावें.

येथेंच आमच्या म्हणण्याचें मर्म आहे. ‘घरगुती’ या शब्दाचा आमच्या लोकांत ‘अदमासानें केलेलें’ असा अर्थ रूढ झाला आहे. मीठ चवीपुरतें व साखर आवडीप्रमाणें, ही स्वयंपाकघराची रीत तेथें शोभते, कारण तेथें चाखून पाहतां येतें व कमी पडलें तर वरून घालतां येतें. फिल्मला चाखतां येत नाहीं. ती अंधारांत, बंद टाकींत असते. ती एकदांच धुवावयाची असते. आणि बिघडली तर तो क्षण परत येत नाहीं. म्हणून घरीं केलेल्या द्रावणास बाजारच्या द्रावणापेक्षां अधिक काटेकोर मोजमाप लागतें. घरचें आहे म्हणून चालेल, असें म्हणणाऱ्यानें या वाटेस जाऊं नये. घरचें आहे म्हणून त्यांत काय व किती आहे याची जबाबदारी आपल्यावर, असें म्हणणाऱ्यानें अवश्य जावें.

धुण्याच्या सोड्याचेंच उदाहरण घ्या. सूत्रांत निर्जल सोडा सांगितला आहे. बाजारांत स्फटिकांचे खडे मिळाले तर त्यांत वजनाच्या शंभरांत त्रेसष्ट भाग पाणीच असतें. तेव्हां ५४ ग्रॅमांऐवजीं सुमारें १४६ ग्रॅम खडे घ्यावे लागतील. आणि खाण्याचा सोडा तर निराळाच पदार्थ; त्यांत क्षार-गुण इतका थोडा कीं फिल्म जवळजवळ कोरी निघेल. परंतु तोच खाण्याचा सोडा लोखंडी तव्यावर चांगला तापविला असतां त्यांतून वाफ व कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि १०० ग्रॅमांचे सुमारें ६३ ग्रॅम उरतात. तो धुण्याचा सोडा होय. वजन तेवढें उतरलें कीं नाहीं, हें तराजूनें पाहावें. वर्गांत फळ्यावर लिहिलेलें समीकरण तव्यावर खरें ठरतांना पाहिलें म्हणजे विद्यार्थी तें जन्मभर विसरत नाहीं.

मुळशीच्या हवेचाही विचार केला पाहिजे. बहुतेक सूत्रांत वीस अंश उष्णता सांगितलेली असते. आमच्याकडे माघांतल्या पहाटे पाणी तेवढें थंड सांपडेल. वैशाखांत मुळींच नाहीं. द्रावण अधिक ऊन असलें तर फिल्म लवकर काळी होते आणि जिलेटिन फुगून नाजूक होतें. म्हणून द्रावणाच्या बाटल्या बर्फ घातलेल्या पाण्याच्या घमेल्यांत ठेवाव्या व उष्णतामापक पाहूनच आरंभ करावा. ताम्हिणीकडच्या पावसाळ्यांत वाळत घातलेली फिल्म दिवसभर ओली राहते व जिलेटिनास बुरशी येते. तेव्हां हें काम दिवाळीनंतर हातीं घ्यावें, हें उत्तम. विहिरीचें पाणी जड असलें तर द्रावणांत गढूळपणा येतो; पाणी उकळून, निवळून व फडक्यांतून गाळून घ्यावें, किंवा ऊर्ध्वपातित पाणी आणावें.

आणि एक परीक्षा केल्यावांचून फिल्म द्रावणांत घालूंच नये. फिल्मच्या आरंभीं जो उजेड लागलेला शेपटीसारखा तुकडा असतो तो कापून उजेडांतच द्रावणांत सोडावा. थोड्याच मिनिटांत तो गडद काळा झाला तर द्रावण जिवंत आहे. करडा राहिला किंवा तसाच राहिला तर तें ओतून द्यावें. डी-७६ चें द्रावण तोंडापर्यंत भरलेल्या, घट्ट बुचाच्या बाटलींत सुमारें सहा महिने टिकतें. अर्ध्या बाटलींत दोनच. परंतु बाटलीवरील तारखेपेक्षां या तुकड्याची साक्ष अधिक खरी.

आतां आक्षेपांकडे वळूं. खर्चाचा आक्षेप खोटा नाहीं. एका फिल्मला आज कित्येक शें रुपये पडतात, आणि तालुक्यांतील सर्व घरांची स्थिति सारखी नाहीं. परंतु हा खर्च फिल्मचा आहे, द्रावणाचा नव्हे. एका फिल्मच्या टाकीस सुमारें ३०० मिलिलिटर द्रावण लागतें. म्हणजे एका लिटरांत तीन जोड्यांचें काम होतें. तराजू, उष्णतामापक व टाकी शाळेनें एकदां घेतलीं म्हणजे वर्षानुवर्षें पुरतात. फिल्म दोघांत एक, आणि तिचें मूल्य शाळेच्या निधींतून, अशी व्यवस्था झाली तर कोणाच्या घरावर भार पडणार नाहीं. ती व्यवस्था झाल्याखेरीज हा उपक्रम सुरू करूं नये, असेंही आमचें मत आहे. ऐपतीच्या मुलांनीं धुवावें व इतरांनीं पाहावें, असें शिक्षण शाळेस शोभत नाहीं.

धोक्याच्या आक्षेपास आम्ही अधिक मान देतों. मेटॉलानें कित्येकांच्या हातांस इसबासारखा विकार होतो. हायड्रोक्विनोन पोटांत जातां उपयोगी नाहीं. म्हणून हातमोजे व चष्मा लागलाच पाहिजे; चूर्ण वजन करितांना पंखा बंद असावा; स्वयंपाकाचें भांडें एकदां या कामास घेतलें कीं तें पुन्हां चुलीकडे जातां नये; आणि प्रत्येक बाटलीवर नांव, तारीख व ‘पिऊं नये’ हीं तीन अक्षरशः ठळक चिठ्ठीवर असावींत. पेयाच्या बाटलींत द्रावण भरणें हा तर अपराधच समजावा. डी-७६ चें काम शिक्षकांच्या देखत व शाळेंतच व्हावें. घरीं करावयाचें असेल तर कॉफीचें करावें, आणि तेंही वडील माणसांस सांगून.

परंतु सर्वांत मोठा धोका मुलांच्या हातांचा नसून ओढ्याचा आहे, आणि त्याविषयीं कोणीं विचारलें नाहीं. वापरलेल्या हायपोंत फिल्ममधील रुपें विरघळून येतें, व विरघळलेलें रुपें पाण्यांतील जीवांस मारक असतें. तें मोरींत ओतलें तर आज ना उद्यां मुळेच्या पाण्यास मिळेल, आणि मुळा पुढें पुण्याकडे वाहते. म्हणून हायपो एका निराळ्या डब्यांत सांठवावा. दवाखान्यांतील क्ष-किरणांच्या जुन्या फिल्मांतून व हायपोंतून रुपें काढणारे व्यावसायिक असतात. सांठलेला डबा त्यांच्याकडे पोंचवावा. जो विद्यार्थी चित्र काढतो व उरलेलें विष खालच्या गांवाकडे सोडून देतो, त्याचें शिक्षण अर्धेंच झालें.

राहिला निरुपयोगीपणाचा आक्षेप. प्रत्येकाच्या खिशांतील यंत्र दिवसांत शंभर चित्रें काढतें, मग एका चित्रासाठीं एवढा खटाटोप कां, असें लोक विचारतात. आम्ही त्यांस एक उलट प्रश्न विचारतों: त्या शंभरांपैकीं किती चित्रें यंत्र बदलल्यावर घरांत राहिलीं? नीट हायपो दिलेली व स्वच्छ पाण्यानें धुतलेली काळी-पांढरी फिल्म शंभर वर्षें टिकूं शकते, आणि ती पाहावयास खिडकीच्या उजेडावांचून कांहीं लागत नाहीं. या तालुक्यास याचें महत्त्व विशेष आहे. १९२१ मध्यें सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं येथील शेतकऱ्यांनीं धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तरी धरण झालें आणि जुनीं गांवें, देवळें, शेतें पाण्याखालीं गेलीं. ज्यांनीं तीं डोळ्यांनीं पाहिलीं ती पिढी आतां उरली नाहीं. आजही आमच्या डोळ्यांसमोर घरें पडतात, भातखाचरें विकलीं जातात, जुनीं माणसें जातात. प्रत्येक जोडीनें आपल्या फिल्मवर आपल्या वाडीचें एक घर, एक खाचर व एक म्हातारें माणूस काढावें, त्यांचीं नांवें व तारीख वहींत लिहावीं, आणि ती फिल्म शाळेच्या कपाटांत ठेवावी, असें आम्हांस वाटतें. छत्तीस चित्रें काढावयाचीं व एकही पुसतां येत नाहीं, असें असलें म्हणजे मूल बोट दाबण्यापूर्वीं समोरच्या आजीकडे नीट पाहतें. आणि तिचा चेहरा आपल्याच हातच्या द्रावणावर अवलंबून आहे हें कळलें म्हणजे तराजूच्या कांट्याकडेही नीट पाहतें.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं या उपक्रमास हरकत न घेतां अटी घालाव्या: शिक्षक हजर पाहिजेत, हातमोजे पाहिजेत, हायपोचा डबा पाहिजे, खर्च शाळेचा पाहिजे. या अटी आम्हांस आनंदानें मान्य आहेत. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस इतकेंच सांगावयाचें आहे कीं, येत्या दिवाळीनंतर जेव्हां टाकीचें झांकण उघडाल आणि ओली फिल्म उजेडापुढें धराल, तेव्हां प्रथम चित्र कसें आलें तें पाहूं नका; वहींत वजनें, उष्णता व वेळ लिहिली आहे कीं नाहीं तें पाहा. ती नोंद असेल तर चांगलें चित्र तुम्हांस पुन्हां काढतां येईल.